झाकण

रिक्षावाल्याला घोरपडीचं मैदान ठाऊक नव्हतं,
अप्पांना होतं.
"फाटक ओलांड, मग उजवीकडं, चिंचांच्या रांगेनं."
फाटकाच्या जागी आता पूल आहे, चिंचा तीनच उरल्यात,
पण वळण बरोबर निघालं.

ब्लेझर काल रात्री मी ट्रंकेतून काढला.
डांबरगोळ्यांचा वास, आणि आतल्या खिशात
पीएमटीचं तिकीट, एकोणनव्वद सालचं.
पदकं चिंचेनं घासायला बसले तर म्हणाले, राहू दे.
घासलेलं पदक भाड्याचं वाटतं.

गेटवर एका पोरीनं सॅल्यूट ठोकला.
कॅप्टन होती. माझ्या लेकीएवढी.
अप्पांचा हात कपाळाशी गेला तो
उतरायलाच तयार नव्हता.

मंडपात एकवीस म्हातारे.
तोफांनी सगळ्यांचेच कान नेलेले,
त्यामुळं एकमेकांची गुपितं
ओरडून सांगत होते.
कुणाचा मूळव्याध, कुणाचा जावई,
मेजरसाहेबांनी छांबला हरवलेला बूट.

निवेदक म्हणाला, दफेदार गेनू धमाले.
ढमाले, मी पुटपुटले. मुळशीचे.
शाल, फोटो, आणि पितळेचा रणगाडा, तळहाताएवढा.
अप्पांनी तो उलटा करून पाहिला,
बाजारात बैलाचा खूर बघतात तसा.
मग माझ्या पिशवीत टाकला.

चौथऱ्यावर खरा उभा होता.
ताजा हिरवा रंग, साखळीपट्ट्यांना चुना,
चारी कोपऱ्यांना शेवंतीच्या कुंड्या.
बाकीचे फोटोला उभे राहिले.
अप्पा काठी टेकत पुढच्या झाकणाशी गेले,
चालकाच्या.
झाकणावर नळी, खाली झुकलेली.

"ही बाजूला घ्या."
"बाबा, वेल्डिंग केलंय," कॅप्टन म्हणाली.
"झाकणसुद्धा."
"नळी अशी राहिली की आतला निघत नाही."

बावन्न वर्षांची आहे मी. घरात हे वाक्य
कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

"ऊस होता दोन्हीकडं. धुकं.
बुरुजाला लागला. मी झाकण ढकललं, तर वर नळी.
हरफूल तोफेवर, झुंझुनूचा. साखर खायचा नुसती.
वीज गेलेली, म्हणून हातानं फिरवायला लागला.
मला खाली ऐकू येई, कर्र, कर्र,
मोट चालल्यासारखं.
वीतभर सरकली.
वीतभर पुरते माणसाला."

"आणि ते?" कॅप्टननं विचारलं.
ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती.
डाव्या कानानं अप्पांना काहीच ऐकू येत नाही.

मग संचलन.
आधी धूळ, मग खुर्च्यांच्या पायांत थरथर,
मग डिझेल.
अप्पांनी नाक वर केलं.
आई म्हणायची, ह्यांच्या पानावर तुपाऐवजी
डिझेल वाढलं तरी चालेल.

पहिला रणगाडा समोर आला
आणि मानवंदनेला
त्याची लांबलचक नळी आमच्याकडं वळली.
एकवीस म्हातारे उठले. व्हीलचेअरवरचे नाईकसुद्धा
दोन्ही हातांवर भार देऊन अर्धे.
सगळे नळीकडं बघत होते.

अप्पा नळीकडं बघत नव्हते.
ते खाली, उघड्या झाकणातून छातीपर्यंत वर आलेल्या
मिसरूड फुटलेल्या चालकाकडं बघत होते,
आणि नळी डोक्यावरून सरकली की
बोट मुडपत होते.
सुटला.
हा सुटला.
हापण.
सहा जण सुटले त्या सकाळी, घोरपडीत,
काहीच घडलेलं नसताना.

नंतर चहा होता, समोसे होते,
समोशात मटार कच्चे.
कॅप्टननं माझा नंबर घेतला, आडनाव विचारून
नीट लिहून घेतलं, ढ.

येताना पुलावर गर्दी.
शाल घडी घालून मांडीवर,
आणि शालीवर अप्पांचा उजवा हात
मुठीत काही धरल्यासारखा
गोल फिरत होता, सावकाश, थांबून थांबून.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.
"बाबांचा हात दुखतोय का, ताई?"